चष्मा पुसण्याची जागा

३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून ओरडू नकोस. ओरडणं तुझ्या धंद्यात बसत नाही हे मला माहीत आहे, पण कागदावर तू चांगलीच ओरडतेस.

इथे सगळं ठीक. खोलीची खिडकी अजून लागत नाही, घरमालक अजून 'उद्या बघतो' म्हणतात. ऑफिसात मात्र माझी बढती झाली असं म्हणायला हरकत नाही. आमच्या समानार्थी कोशात आतापर्यंत मी भांडी, झाडू, फडकी असले शब्द सांभाळत होतो. आता संपादकबाईंनी मला एकदम 'प्रसिद्धी'चं खोकं दिलं. चपलांचं जुनं खोकं आहे, पण आत बघशील तर कीर्ती, ख्याती, लौकिक, नाव, गाजावाजा, बोभाटा, डंका, नामचीन, अशी सगळी मोठी माणसं कार्डांवर उभी आहेत.

अडचण वाक्यांची आहे. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य हवं, आणि बाईंचा नियम असा की वाक्य घडवायचं नाही, कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. शेजारच्या टेबलावरच्यानं 'त्यांची कीर्ती दाही दिशांना पसरली' असं लिहून दिलं. बाईंनी शांतपणे विचारलं, हे कोण म्हणालं आणि कुठल्या दुकानात म्हणालं. बिचाऱ्यानं कार्ड परत घेतलं.

म्हणून तुझ्याकडे आलो. तू आयुष्यभर नाटकाच्या विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवलेस, प्रसिद्ध माणसं तू मागच्या बाजूनं पाहिली आहेस. ह्या शब्दांवर तुझ्या तोंडची वाक्यं पाठव. आणि हो, मागच्या महिन्यात तुमचं नाटक पाहिलं तेव्हा तुमच्या त्या बुजुर्ग नटानं, आबांनी, भाषणाच्या मध्येच चष्मा पुसला ती जागा अजून डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या मित्रानं परवा चहा पिताना तशी नक्कल केली. जमली नाही.

तुझा,
खोडरबर

---

९ ऑक्टोबर

चि. खोडरबर यास अनेक आशीर्वाद.

फडक्यांवरून थेट कीर्तीवर पोचलास, छान झालं. लहानपणी चित्र काढण्यापेक्षा खोडण्यात तुझा वेळ जायचा, तेव्हाच मी तुझ्या बापाला म्हटलं होतं, हा मुलगा कुठल्यातरी ऑफिसात लागणार.

वाक्यं घे. आमच्या खालच्या इस्त्रीवाल्यानं एका मंत्र्याचा कोट इस्त्री केला तेव्हा गाजावाजा झाला, आणि पुढच्या आठवड्यात तोच कोट जाळला तेव्हा बोभाटा झाला. इस्त्री तीच. आमच्या दिग्दर्शकांची उशिरा येण्याबद्दल ख्याती आहे. थिएटरबाहेर तिकिटं काळ्या बाजारात विकणारा तो टकल्या नामचीन आहे, त्याला प्रसिद्ध म्हटलंस तर तो तुला मिठी मारेल. आणि नाव म्हणशील तर तुझ्या बापानं मी नाटकात गेले म्हणून मला नावं ठेवली, आणि आता शेजाऱ्यांना फुकट पास हवे असले की तोच माझं नाव सांगतो. ह्यातलं शेवटचं कोशात घालू नकोस, घरात भांडण नको.

लौकिकाचं एक वाक्य आहे. पण त्याआधी तुला काहीतरी सांगायला हवं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही, आणि तू लांब राहतोस, म्हणून तुला.

ती चष्म्याची जागा, जिच्यावर तुम्ही सगळे जीव टाकता, ती जागा नाहीच. आबा विसरतात. दुसऱ्या अंकात म्हातारा न्यायाधीश आपल्याच दिवाणखान्यात कोर्ट भरवून स्वतःचा जुना खटला पुन्हा चालवतो, तिथे त्यांचं लांबलचक भाषण आहे. वर्षभरापूर्वी एका प्रयोगात तिथे त्यांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. त्यांनी वेळ काढायला चष्मा काढला, उजेडासमोर धरला, पुसला. तेवढ्यात मी विंगेतून शब्द दिला आणि गाडी पुढे निघाली. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या त्या मोठ्या समीक्षकानं अर्धा रकाना त्या चष्म्यावर लिहिला. म्हणे, पश्चात्तापाचं एवढं मुकं दर्शन आजवर पाहिलं नव्हतं. झालं. लोक चष्मा बघायला यायला लागले.

तेव्हापासून ती आमची खूण आहे. आधी एकदाच पुसायचे, आता कधी तीनदा पुसतात. चष्मा हातात आला की मी, म्हणजे आबांची 'कुजबुज', शब्द देते. अख्खं वाक्य नाही द्यायचं, एकच शब्द, तोही त्यांचा श्वास आत जाताना. 'स' किंवा 'श'नं सुरू होणारा शब्द मी कधी देत नाही, त्याची शीळ पहिल्या रांगेपर्यंत जाते. पुढचा शब्द देते, त्याला धरून आबा मागचा ओढून आणतात. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. दिग्दर्शकांनासुद्धा नाही, ते उशिरा येतात.

आता वाक्य. आबांचा लौकिक माझ्या जिभेवर आहे. मी एक दिवस शिंकले तर तो खाली पडेल.

हसू नकोस. हे नाटक गेलं तर आबा घरी बसतील, आणि घरी बसले की संपतील. हा माणूस भिंतीकडे बघत बसणाऱ्यांतला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तेव्हा तूही मूठ झाकून ठेव.

तुझी,
आत्या

---

१६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग हसलो, मग जरा रागही आला. आबांवर नाही, तुमच्या त्या व्यवस्थेवर. पेपरात फोटो त्यांचा, हार त्यांना, आणि ज्या बाईच्या शब्दाशिवाय ते चष्मा नाकावर परत ठेवू शकत नाहीत तिचं नाव जाहिरातीतसुद्धा नाही. मी तुझ्या जागी असतो तर एकदा तरी मुद्दाम गप्प बसलो असतो. मग कळलं असतं लोकांना.

बरं, आनंदाची बातमी. बाईंना तुझी वाक्यं इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली. इस्त्रीवाल्यावर तर त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. लौकिकाच्या वाक्याला त्यांनी लाल पेन्सिलीनं तारा काढला, जो त्या सहसा कुणाला देत नाहीत. काळजी करू नकोस, आबांचं नाव मी काढून टाकलं. कार्डावर फक्त एवढंच आहे: 'त्या नटाचा लौकिक माझ्या जिभेवर आहे, मी एक दिवस शिंकले तर तो खाली पडेल.' तुझंही नाव नाही. मागच्या बाजूला, वाक्य कुणाचं ते लिहायची पद्धत आहे तेवढं लिहिलं. खोकं बाहेरच्या तपासनिसाकडे गेलंसुद्धा.

तू कोशात गेलीस, आत्या. तुझ्या नकळत का होईना, तुला थोडी प्रसिद्धी मिळाली.

तुझा,
खोडरबर

---

२० ऑक्टोबर

चि. खोडरबर,

आशीर्वाद नंतर देईन. आधी उत्तर दे.

कार्डाच्या मागे नेमकं काय लिहिलंस? आणि बाहेरचा तपासनीस म्हणजे कोण? मी तुला मूठ झाकायला सांगितलं, तू तिच्यावर पत्ता लिहिलास की काय?

मी गप्प बसायला हवं होतं म्हणतोस. बाळा, विंगेतला माणूस मुद्दाम गप्प बसला तर समोरचा माणूस हजार लोकांपुढे उघडा पडतो. असं करून मिळालेलं नाव घेऊन मी कुठल्या तोंडानं घरी जाणार होते? तुला राग आला तो माझ्या मायेपोटी, हे कळतं मला. पण मला काय हवं आहे ते तू मला विचारलं नाहीस.

उलट टपाली लिही.

आत्या

---

२४ ऑक्टोबर

ती. आत्यास,

मी हात दाखवून अवलक्षण केलंय.

कार्डाच्या मागे मी लिहिलं होतं: 'नाटकाच्या विंगेतील प्रॉम्प्टर, स्त्री, साठीच्या पुढची.' आमच्याकडे असंच लिहितात. भांड्यांच्या वेळी मी 'कल्हईवाला, पुरुष, पन्नाशीचा' असं लिहायचो, त्यातून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. साठीच्या पुढची, विंगेत बसणारी बाई तुझ्याशिवाय दुसरी नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि तपासनीस. आत्या, कला आणि मानसन्मान ह्या विभागाचे तपासनीस म्हणजे ते समीक्षक. चष्म्यावर अर्धा रकाना लिहिणारे तेच. काल खोकं परत आलं. बाकी सगळ्या कार्डांवर बरोबरची खूण, आणि तुझ्या कार्डावर पेन्सिलीनं एकच ओळ: 'ही बाई बहुधा मला माहीत आहे. खात्री करून कळवतो.'

मी ते कार्ड घेऊन तसाच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दारातच उभं ठेवलं. मी म्हटलं, वाक्य मी घडवलं, नियम मोडला, कार्ड फाडून टाका. ते म्हणाले, घडवलेलं वाक्य मला वासावरून कळतं, हे वाक्य खरं आहे. मग एवढंच म्हणाले की पुढच्या रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचं तिकीट त्यांनी काढलंय, पहिल्या रांगेत, तुझ्या विंगेच्या बाजूचं. कार्ड ठेवून घेतलं आणि दार लावलं.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लाज वाटली. मी रविवारी येऊ का? मी त्यांना अडवतो, त्यांच्या शेजारी बसतो, खोकत राहतो, तू सांगशील ते करतो. आबांचं काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू?

खोडरबर

---

२८ ऑक्टोबर

चि. खोडरबर यास अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. पहिल्या रांगेत खोकणारा पुतण्या हे मदतीचं लक्षण नव्हे.

तुझं पत्र आलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली, हे खोटं कशाला बोलू. जिन्यावरच बसले. इस्त्रीवाल्यानं पाणी आणून दिलं. मग विचार केला की आबांना सांगायचं की नाही. सांगितलं तर ते घाबरून आणखी विसरणार, नाही सांगितलं तर बेसावध सापडणार. शेवटी ठरवलं, नाही सांगायचं. त्याऐवजी रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन ते भाषण घोटून घ्यायचं.

गेले. त्यांची लेक कामावर गेलेली, आबा एकटेच. भाषण म्हणायला लागले आणि अर्ध्यात थांबले. घरात, माझ्यासमोर, हातात चष्मा. मग म्हणाले की हल्ली प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. आदल्या दिवशी झोपेची गोळी घ्यावी लागते. लोक तो चष्मा बघून टाळ्या वाजवतात तेव्हा त्यांना वाटतं, कुणीतरी उभं राहून 'चोर' म्हणेल. मी म्हटलं, मग सांगून टाका ना सगळ्यांना. तर म्हणाले, सांगितलं की उद्यापासून लोक नाटक नाही बघणार, मी कुठे अडखळतो ते मोजणार. कीव करतील. कीव मला सोसायची नाही.

मी उठले. चहा केला आणि आले.

रविवारी काय होईल ते होईल. तू आपली खिडकी दुरुस्त करून घे, थंडी वाढलीय.

आत्या

---

६ नोव्हेंबर

चि. खोडरबर यास अनेक अनेक आशीर्वाद.

बस. पाणी पी. मग वाच. वाईट काही नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील.

रविवारी मी नेहमीच्या स्टुलावर बसले. अंगात तो ढगळ स्वेटर, पायात लोकरीचे मोजे, मांडीवर संहिता, बाजूला गरम पाण्याचा थर्मास. पडद्याच्या फटीतून बघितलं तर समीक्षक पहिल्या रांगेत, माझ्यापासून हाताच्या अंतरावर म्हणावं इतके जवळ. स्टेजकडे बघतच नव्हते, विंगेकडे बघत होते.

पहिला अंक सुरळीत गेला. आबा इतके छान बोलले की मला वाटलं, आज निभावलं. दुसऱ्या अंकात भाषण सुरू झालं, आणि आलंच ते. चष्मा काढला, उजेडासमोर धरला. हॉल एकदम शांत झाला, कारण सगळे ह्याच जागेची वाट बघत असतात. वाक्य होतं, 'शिक्षा मी दिली होती, भोगली तिनं.' मी 'शिक्षा' टाळलं आणि नेहमीसारखं 'भोगली' दिलं. आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी पुन्हा दिलं. ते चष्मा पुसतच राहिले. मी त्यांचे डोळे बघितले आणि मला कळलं की ह्या वेळी पुढच्या शब्दाला धरून मागचा येणार नाही. तिथे काहीच नव्हतं.

मग मी समीक्षकांचा विचार सोडला. मोठ्यानं म्हटलं, 'शिक्षा.'

गेली ना शीळ पहिल्या रांगेपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंतही गेली असेल. माना वळल्या. समीक्षक सरळ बसले. आणि आबा माझ्याकडे वळले, लोकांकडे पाठ करून. मला वाटलं आता हा माणूस स्टेजवरून निघून जाणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा सैल झाला. खूप दिवस ओझं उचललेल्या माणसानं ते खाली ठेवावं तसा. मग न्यायाधीशाच्याच आवाजात ते म्हणाले:

"कारकूनबाई, असं दाराआडून नको. बाहेर या आणि मोठ्यानं वाचा. कोर्टाला आता आठवत नाही."

मी कुठली हलते. मागून कुणीतरी मला ढकललं, आणखी कुणीतरी स्टूल पुढे सरकवलं. अशी मी मोज्यांवर, आयुष्यात पहिल्यांदा, उजेडात गेले. थर्मास का कोण जाणे हातातच होता. स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. माझा आवाज इतकी वर्षं कुजबुजून इतका घोगरा झालाय की मलाच ओळखू आला नाही. मी एक ओळ वाचायची, आबांनी ती उचलायची. काही ओळी ते माझ्या आधीच बोलले. काही ठिकाणी थांबून 'हो, असंच लिहिलंय का तिथे?' असं विचारलं, आणि ते नाटकात नव्हतं तरी नाटकातलंच होतं. लोकांना वाटलं, काहीतरी नवीन बसवलंय. कुणी हसलं नाही. भाषण संपलं तेव्हा पुढच्या रांगांमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येत होते.

पण आबांना ते तसंच झाकून ठेवायचं नव्हतं. नाटक संपल्यावर ते पडद्यापुढे आले, मला हाताला धरून आणलं, आणि सांगून टाकलं. म्हणाले, वर्षभर मी चष्मा पुसत आलो कारण मला पुढचं आठवत नव्हतं. तुम्ही त्याला अभिनय म्हणालात, मी गप्प बसलो. शब्द हिचे होते.

मग बाल्कनीतून एक बाई ओरडली की माझ्या नवऱ्यानं ते चष्मा पुसणं बघायला दोनदा तिकीट काढलं, आणि घरी आरशासमोर तसा चष्मा पुसत बसतो. सगळा हॉल हसला. आबा सगळ्यांत जास्त हसले. हसता हसता माझ्याच स्वेटरच्या बाहीला त्यांनी डोळे पुसले. लोक उभे राहिले, आणि त्यांच्या उभं राहण्यात कीव नव्हती, मी नीट बघत होते. माझा जीव भांड्यात पडला.

समीक्षक मागे आले. मला विचारलं, कार्डावरची बाई तुम्हीच ना. मी म्हटलं, हो, पण साठीच्या पुढची असं लिहायची गरज नव्हती. मग ते आबांना म्हणाले की मी फसवला गेलो की नाही हे बघायला आलो होतो. आबांनी विचारलं, मग, गेलात का? त्यावर ते म्हणाले, मला अजून एकदा बघावं लागेल. पास देऊ केला तर घेतला नाही, खिडकीवर जाऊन तिकीट काढलं.

त्या दिवशी आबा माझ्यासमोर पोटभर जेवले. लेक बघतच राहिली.

तुझ्यावर रागावून मी एक अख्खं पत्र लिहिलं होतं. ते पाठवायचं राहून गेलं, आणि आता पाठवत नाही. तू चूक केलीस ती केलीस. पण तू केली नसतीस तर आम्ही दोघं आणखी वर्षभर घाबरत बसलो असतो.

तुझी,
आत्या

---

१२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, आणि ह्या वेळी खरोखर साष्टांग.

तुझं पत्र मी ऑफिसातच फोडलं. घरी जाईपर्यंत धीर नव्हता. 'वाईट काही नाही' ही ओळ वाचली आणि मला एकदम भूक लागली. मग बाईंच्या सांगण्यावरून उरलेलं पत्र मोठ्यानं वाचलं, ह्या वेळी तुझी परवानगी गृहीत धरून. नाही, ते खोटं आहे. परवानगी आत्ता मागतोय. मी बदलायचा प्रयत्न करतोय, वेळ लागेल.

समीक्षकांकडून तुझं कार्ड परत आलं. पेन्सिलीची ओळ खोडून खाली शाईनं लिहिलंय: 'वाक्य खरे आहे. ठेवावे. मागची नोंद मात्र काढावी, बाईंना वयाचा उल्लेख आवडत नाही.' आजच्या पेपरातला त्यांचा रकाना कापून सोबत पाठवतोय. त्यांनी लिहिलंय की चष्म्याबद्दल लिहिलेला एकही शब्द मी मागे घेत नाही, मला फक्त तो अभिनय कुणाचा होता हे माहीत नव्हतं, तो दोघांचा होता.

आता माझी फजिती ऐक. प्रसिद्धी आणि लौकिक ह्यांतला फरक मला चार ओळींत लिहायचा होता. मी लिहिलं की प्रसिद्धी लोक एका दिवसात देतात आणि एका दिवसात परत नेतात, लौकिक रोज सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो, त्याचा फोटो छापून येत नाही. बाईंनी शेवटचा भाग खोडला. म्हणाल्या, हा अर्थ नाही, हा पुतण्या आहे. मी भांडलो नाही.

आबांची तब्येत कशी आहे ते कळव. आणि मागच्या वेळी विचारायचं राहिलं ते आता विचारतो. तुला काय हवंय, आत्या?

तुझा,
खोडरबर

ता. क. खिडकी लागली.

---

४ डिसेंबर

चि. खोडरबर यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी प्रसिद्ध झाले. सध्या मला अजिबात वेळ नसतो.

थट्टा करत नाही. दुधाच्या दुकानातली बाई म्हणाली, तुमचा आवाज एवढा घोगरा असेल असं वाटलं नव्हतं. इस्त्रीवाल्यानं माझा स्वेटर मागून घेतला, फुकट इस्त्री करून देतो म्हणून. मी दिला नाही, त्याचा पूर्वेतिहास मला माहीत आहे. तुझ्या बापाचं पत्र आलं, त्यात पहिल्या ओळीत माझं कौतुक आणि दुसऱ्या ओळीत सहा पास. मॅनेजरना जाहिरातीत माझं नाव आबांच्या बरोबरीनं घालायचं होतं. मी म्हटलं, कारकून एवढंच लिहा, आणि बारीक अक्षरात. आठ दिवस लोक माझ्याकडे वळून बघत होते, आता कमी झालंय. बरं झालं. रस्त्यात नाक शिंकरायची पंचाईत होते.

आबा बरे आहेत. लेकीनं डॉक्टरांकडे नेलं. विसरणं वयाचं आहे, ते जाणार नाही, पण झोपेच्या गोळ्यांनी ते वाढत होतं. भीती गेली तशा गोळ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर थोडं विसरणंही गेलं. बाकीचं मी बघते. आता दुसऱ्या अंकात मी स्टेजवरच असते, कोपऱ्यातल्या टेबलाशी, कारकून म्हणून. स्वेटर तोच. चष्मा ते अजूनही पुसतात, पण आता त्यांना वाटलं म्हणून.

मला काय हवंय म्हणून विचारलंस. असं कुणी विचारायची सवय नाही, म्हणून दोन दिवस विचार केला. आबा कामावर हवेत, आणि मी त्यांच्या जवळपास हवी. ते आहे. आणखी काही सुचलं तर कळवीन.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. परवाच्या प्रयोगात समीक्षक पुन्हा आले होते, ह्या वेळी मागे, बायकोला घेऊन. भाषण चालू होतं, मी वाचत होते. कशी कोण जाणे, माझी नजर क्षणभर लोकांकडे गेली. इतकी तोंडं, सगळी माझ्याकडे. परत खाली बघते तर ओळ सापडेना. सगळं पान नुसतं काळं-पांढरं. तेवढ्यात आबा चालत चालत माझ्या टेबलापाशी आले, टेबलावर हात टेकला, आणि ओठ न हलवता म्हणाले:

"पान उलट, कुजबुज. आपण पुढे आलोय."

माझा श्वास आत जाताना म्हणाले, बरोबर जिथे म्हणायचं तिथे. मी पान उलटलं. पहिल्या रांगेतल्यांनासुद्धा कळलं नाही.

हे आम्हा दोघांनाच माहीत आहे, आणि आता तुला. कार्डावर लिहू नकोस.

तुझी,
आत्या